भय आणि श्रद्धा : दोन मराठी स्त्रिया



वसंतातल्या व्याख्यानांना श्रोते येतात ते दिवसभराचा उन्हाळा सोसून, संध्याकाळच्या वाऱ्याला दोन घटका बसावे म्हणून. अशा वेळी भय आणि संकट यांविषयी बोलणे थोडे अप्रशस्त वाटेल. तथापि हा विषय खानदेशात परका नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे येथे कोणाला सांगायला नको. त्या प्रवचनांत सोळाव्या अध्यायाचे विवेचन करताना विनोबांनी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे. दैवी गुणांची जी सेना गीतेने उभी केली, तिच्या आघाडीला अभय आहे आणि पिछाडीला नम्रता आहे. अभय पुढे नसेल तर बाकीचे गुण पाऊलच टाकू शकत नाहीत. आणि नम्रता मागून सांभाळीत नसेल तर मिळवलेले सारे अहंकार लुटून नेतो. पुढे याच विनोबांनी ख्रिस्तधर्माचेही सार काढून ठेवले.

हे अभय मनुष्याला येते कसे, हा आजचा प्रश्न आहे. भिऊ नकोस असे सांगितल्याने कोणी भिण्याचे थांबत नाही. रात्री दचकून उठलेल्या मुलाला आई तसे सांगते खरे, पण मूल शांत होते ते त्या शब्दांनी नव्हे. आईचा हात पाठीवर आला म्हणून. श्रद्धा म्हणजे हा हात, असे सर्व धर्मांतले भक्त सांगत आले आहेत. ख्रिस्ती श्रद्धेने हे काम कोणत्या रीतीने केले, एवढेच मला आज पाहायचे आहे. आणि ते परदेशातल्या साधुसंतांच्या चरित्रांत न पाहता आपल्याच भाषेत बोललेल्या आणि लिहिलेल्या दोन स्त्रियांच्या आयुष्यात पाहायचे आहे. एक पंडिता रमाबाई, दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. दोघीही ब्राह्मण घरात जन्मल्या, दोघींनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला, आणि दोघींच्या वाट्याला संकटे आली ती इतकी की त्यांतले एखादेही आपल्यासारख्याला खचवायला पुरे व्हावे.

आधी भयाविषयी दोन शब्द. भयाचे मोठाले प्रकार तीन. भूक आणि रोग यांचे, म्हणजे देहाचे भय. लोक काय म्हणतील, जात काय म्हणेल, हे समाजाचे भय. आणि आपण एकटे पडलो, आता आपले कोणी नाही, हे तिसरे. पहिल्या दोन भयांना काही ना काही उपाय सुचतो. तिसरे सर्वांत वाईट, कारण त्यात माणसाचे हातपायच गळून जातात. आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात क्वचित येते. भ्यालेला माणूस स्वतः दुःख भोगतो एवढ्यावरच भागत नाही. तो दुसऱ्यालाही दुःख देतो. साथीला भ्यालेला मनुष्य रोग्याला दाराबाहेर ठेवतो. विटाळाला भ्यालेला मनुष्य तहानेल्याला पाणी नाकारतो. आपल्या सातपुड्याच्या पाड्यांवर एखाद्या निराधार म्हातारीला डाकीण ठरवून तिचा जो छळ झाला, त्याच्या मुळाशी पाहू गेल्यास मारणाऱ्यांचे भयच सापडते. म्हणून भय जाणे ही ज्याची त्याची खाजगी बाब नाही. एकाचे भय गेले की दुसऱ्याच्या छळाचे एक कारण कमी होते.

आता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकविण्याचा हट्ट त्यांनी त्या काळी धरला. हे कुटुंब तीर्थाटन करीत, पुराण सांगत हिंडे. अशात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य दानधर्मात आणि नवससायासांत संपले होते. शास्त्रीबोवांना जलसमाधी घ्यावी असे वाटू लागले, इतकी दशा झाली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले, आणि अर्धपोटी, अनवाणी चालत त्यांनी देशभर वाट तुडविली. १८७८ साली ती दोघे कलकत्त्याला पोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत ऐकून तिला पंडिता आणि सरस्वती म्हटले. पुढे १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून विवाह केला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेला. वय तेवीस वर्षांचे, कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी. आईबाप नाहीत, भावंडे नाहीत, पती नाही. जातीने तर केव्हाच दार लावून घेतलेले. मघाशी म्हटलेली तिन्ही भये एकाच ठिकाणी जमा झालेली कोणाला पाहायची असतील तर ती येथे आहेत.

या स्थितीत त्यांना ख्रिस्तश्रद्धा भेटली कोठे? त्या १८८३ साली शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे जोगिणींच्या मठात राहिल्या. वादात जिंकून कोणी त्यांना ख्रिस्ती केले नाही. वादात त्यांना जिंकणे सोपे नव्हते. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की लंडनजवळच्या फुलहॅम येथे या जोगिणी समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांची सेवा करीत, ते काम पाहून त्यांच्या मनावर परिणाम झाला. या बायकांना कोणी हात लावू नये असा जगाचा नियम असता या जोगिणी त्यांच्याशी बहिणीप्रमाणे वागतात, हे बळ यांना आले कोठून, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखविण्यात आला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या अध्यायात आहे तरी काय? आपल्याकडच्या कोणत्याही गावी घडेल अशीच गोष्ट आहे. दुपारची वेळ, चालून दमलेला येशू विहिरीच्या काठी बसला आहे. शोमरोनी जातीची एक बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांना हलके मानीत, त्यांच्याशी भांड्याकुंड्याचा व्यवहार ठेवीत नसत. बाईचा संसारही लोकांनी नावे ठेवावी असाच झालेला. आणि हा यहुदी गुरू तिच्याजवळ पाणी मागतो! ती चकित होते : तुम्ही माझ्याजवळ पाणी मागता? मग बोलणे वाढते, तिच्या आयुष्यातले उणे तिच्यापुढे येते, पण तिचा धिक्कार होत नाही. शेवटी ती आपली घागर तेथेच टाकून गावात धावत जाते आणि ज्यांना तोंड दाखवायला ती लाजत असेल त्याच लोकांना बोलावून आणते.

उन्हाळ्यात पाण्याचे मोल काय असते हे खानदेशाला ठाऊक आहे, आणि पाणवठ्यावर जात कशी उभी राहते हेही आपल्या देशाने पुष्कळ पाहिले आहे. म्हणून ही गोष्ट आपल्याला पॅलेस्टाईनची वाटत नाही. तिच्यातील मर्म असे आहे की त्या बाईला कोणी निर्भय होण्याचा उपदेश केला नाही. तिच्यापुढे कोणीतरी न भिता हात पसरला. आपल्या हातचे पाणी कोणाला तरी चालते, एवढ्यानेच तिची मान वर झाली.

रमाबाईंच्या पुढल्या आयुष्याचे रहस्य माझ्या मते येथेच आहे. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. बालविधवांना शिक्षण देणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, असा बोभाटा १८९३ साली झाला. पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. ही टीका सगळीच द्वेषाची होती असे म्हणता येणार नाही. दिलेल्या शब्दाचा प्रश्न त्यात होता, आणि त्या वादात दोन्हीकडे प्रामाणिक माणसे होती. पण रमाबाई पुन्हा एकट्या पडल्या, हे मात्र खरे. त्या वेळी त्यांनी काय केले? त्या आणखी टाकलेल्या मुलींना शोधायला निघाल्या.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. मुंबईहून तिकडे जाणारा आगगाडीचा मोठा रस्ता आपल्या जळगाव-भुसावळवरून जातो. रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून ठाऊक नव्हता. आईबाप उपाशी मरताना त्यांनी पाहिले होते. सामान्य मनुष्य अशा आठवणींपासून दूर पळतो. ज्या घाटावर आपले माणूस बुडाले त्या घाटाकडे तो फिरकत नाही. रमाबाई त्या आठवणीमुळेच तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी वाचवून आणल्या. पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरात-राजस्थानात संवत १९५६ वरून त्याला छप्पनिया म्हणतात, आणि आपल्या खानदेशालाही त्याने होरपळून काढले होते. त्या वेळी केडगावच्या मुक्तिसदनात आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना असे अनेक उद्योग तेथे चालत, आणि ते चालविणाऱ्या स्त्रियाच असत.

मधल्या काळात, १८९७ साली, पुण्यात प्लेग आला. सरकारी प्लेग-रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ होई तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. सरकार ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, तेव्हा गप्प बसावे, असा सोयीचा हिशेब त्यांनी केला नाही. आपल्या समाजाला त्या भ्याल्या नाहीत आणि राज्यकर्त्यांनाही भ्याल्या नाहीत. श्रद्धेची ही एक कसोटीच समजावी. जी श्रद्धा एका सत्तेपुढे ताठ उभी राहते आणि दुसरीपुढे वाकते, ती श्रद्धा नसून पक्ष होय.

दुसरी स्त्री अगदी वेगळ्या घडणीची. रमाबाई पंडिता, लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा, माहेरचे आडनाव गोखले. वडिलांच्या सोवळ्याचे त्यांनी ‘स्मृतिचित्रां’त जे वर्णन केले आहे ते वाचताना हसू येते आणि त्या हसण्यामागे काटाही येतो. विटाळाच्या भयाने त्या गृहस्थाला पछाडलेले होते. बाजारातले जिन्नस धुवून घ्यायचे, माणसे धुवून घ्यायची. बायकोमुलांना त्या धाकाखाली क्षणाची उसंत नाही. मघाशी मी म्हटले की भ्यालेला मनुष्य दुसऱ्याला छळतो, त्याचे याहून बोलके उदाहरण मराठीत मिळणे कठीण. आणि हेच भय मुलीच्याही अंगात मुरले.

अकराबारा वर्षांच्या वयात त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी, बुद्धिमान, उदार आणि अत्यंत लहरी. आज येथे, उद्या तेथे; हातात आलेला पैसा रात्रभर टिकेल तर शपथ. अशा या मनुष्याला १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने बायबलची प्रत दिली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घरी बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहायचे. लोक कीव करीत, आणि कीव ही पुष्कळदा शिवीहून जड असते. वेड लागायची पाळी आली. त्याच दिवसांत, दुःखाला वाट म्हणून, या अशिक्षित बाईने कविता रचायला सुरुवात केली.

काही वर्षांनी त्या टिळकांकडे नगरला आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. आपली चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे, अशा बेताने त्या पतीजवळ राहिल्या. टिळकांचा मोठेपणा असा की त्यांनी बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातला बदल हळूहळू झाला, आणि तो कोणाच्या प्रवचनाने झाला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी घोळवला. तो माणसानेच केला असा त्यांचा निर्णय झाला, आणि मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे असे त्यांनी ठरविले. पाहा, येथेही गोष्ट पाण्यापाशीच आली! तत्त्वज्ञान आधी पटले आणि मग भय गेले, असा क्रम दिसत नाही. ज्या पाण्याला आयुष्यभर भ्यायचे तेच पाणी ओठी लावायचे ठरले, आणि तेथून पुढे ख्रिस्त त्यांना जवळचा होत गेला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ज्या घरात एकेकाळी बाहेरच्याची सावली चालली नसती, त्या घराच्या लेकीने पुढे अनाथ पोरे आपल्या घरात वाढविली. नगरला प्लेग आला तेव्हा त्या प्लेगच्या छावणीत राहून रोग्यांच्या उशापायथ्याशी बसल्या. प्लेगच्या दिवसांत घरचे लोकही रोग्याजवळ जायला धजत नसत. २०२० सालच्या करोनाच्या साथीत आपणही असे प्रसंग पाहिले आहेत. आपल्याच माणसाचा देह ताब्यात घ्यायला नातेवाईक पुढे होईनात, आणि दुसरीकडे कोणी ओळखीपाळखीचे नसलेले लोक ते काम करीत. त्यावरून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छावणीची कल्पना करावी. विशेष म्हणजे लक्ष्मीबाई आपल्या धैर्याचा कोठेही डांगोरा पिटत नाहीत. आपली फजिती त्या मोकळेपणाने सांगतात, स्वतःला हसतात आणि पुढे जातात. विनोबांनी म्हटलेली पिछाडीची नम्रता ती हीच.

आता या गोष्टीचा धागा आपल्या गावापर्यंत येतो. १९०७ साली जळगावास महाराष्ट्र कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. त्या सभेत धरणगावच्या सतरा वर्षांच्या एका मुलाने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली, आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव मागे पडून तेच नाव राहिले. हा खानदेशी मुलगा पुढे काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिला. टिळकांनी त्याच्या कवितेला वळण दिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली. ठोमरे हिंदूच राहिला. त्याने तसे राहू नये असा आग्रह त्या घरात कोणी धरला नाही. लक्ष्मीबाईंनी त्याच्या आठवणी लिहिल्या आहेत त्या वाचाव्यात. त्यात उपदेशकाचा शब्द नाही, घरच्या बाईचा आहे.

मला यात मोठा अर्थ दिसतो. विटाळाचे भय त्या बाईंच्या मनातून गेले नसते, तर ते घर अनाथांना आणि परगावच्या वेडसर कविमुलांना उघडे झाले असते का? एका स्त्रीच्या मनातले भय गेले, त्याचा लाभ धरणगावच्या एका पोराला झाला, आणि त्याच्यामार्फत साऱ्या मराठी कवितेला झाला. अभयाचे व्याज असे दूरवर पोचते.

येथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की या श्रद्धेने संकटे टळली का? स्पष्ट उत्तर द्यायचे तर, नाही टळली. बालकवी सत्तावीस वर्षांचे असताना ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनावर आगगाडीखाली सापडून गेले. पुढल्याच वर्षी ९ मे रोजी मुंबईस टिळक वारले. रमाबाईंची एकुलती एक मनोरमा, जी त्यांचे काम पुढे चालवायची, ती १९२१ साली आईच्या डोळ्यांदेखत गेली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठी बायबलाचे भाषांतर हाती घेतले होते. त्या दुःखातही त्यांनी ते सोडले नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्वतः देह ठेवला. लक्ष्मीबाईंना वैधव्याची सतरा वर्षे काढायची होती. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले होते. त्याचे दहाएक अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे साठांहून अधिक अध्याय या न शिकलेल्या बाईने रचले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठीला एक अपूर्व ग्रंथ मिळाला. १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या.

तेव्हा श्रद्धा म्हणजे संकटाविरुद्धचा विमा नव्हे. असा विमा विकणारे सर्व धर्मांत असतात. ताईत देणारे असतात, आमच्या प्रार्थनेने रोग हटकून बरा होतो असे सांगणारेही असतात. त्यांच्यापासून सावध राहावे. खुद्द ख्रिस्ताचे चरित्र या विम्याच्या विरुद्ध साक्ष देते. धरले जाण्यापूर्वी त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो व्याकूळ झाला. हा प्याला टळेल तर बरे, असे त्याने देवाला विनविले. आपल्याबरोबर जागे राहा, असे मित्रांना सांगितले, आणि मित्र झोपी गेले. ख्रिस्ती धर्माचा देव असा भय अनुभवलेला आहे. म्हणूनच भ्यालेल्या मनुष्याला त्याच्यापुढे लाज वाटत नाही. भय वाटणे हे पाप नाही, असे ही गोष्ट सांगते. त्या रात्री भय वाटूनही येशू बागेतून पळाला नाही, आणि ख्रिस्ती भक्तांना धीर येतो तो एवढ्याने येतो. स्तोत्रसंहितेत मृत्यूच्या अंधाऱ्या दरीचा जो प्रसिद्ध उल्लेख आहे तोही असाच आहे. दरी चुकेल असे तेथे म्हटलेले नाही. दरीतून जावेच लागते. तेथे सोबत आहे, एवढेच आश्वासन आहे.

ही सोबत ख्रिस्ती माणसालाच मिळते, असे मी म्हणत नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना ऐन उमेदीत वैधव्य आले. त्यांनी जात्यावर आणि शेतात आपले दुःख गाण्यात दळून टाकले, आणि ती गाणी त्यांच्या पश्चात १९५२ साली सोपानदेवांमुळे जगापुढे आली. बहिणाबाई आणि लक्ष्मीबाई एकाच काळातल्या. दोघींना शाळा नाही, दोघींची भाषा घरची, आणि दोघींचा देव त्यांच्याशी स्वयंपाकघरात बोलणारा. दोघींची नावे वेगळी, वाटा वेगळ्या. तरी ख्रिस्ती वाटेवर एक विशेष खूण मला दिसते, आणि आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते तेच. या वाटेवर भक्ताला स्वतःच्या भयाकडे पाहत बसायला फुरसत दिली जात नाही. त्याला सांगितले जाते की तुझ्याहून अधिक भ्यालेला, अधिक टाकलेला कोणी आहे, त्याच्याजवळ जा. मी तेथेच भेटेन. रमाबाईंना ख्रिस्त भेटला तो टाकलेल्या बायकांच्या सेवेत भेटला. लक्ष्मीबाईंचा विटाळ गेला तो दुसऱ्याच्या हातचे पाणी पिऊन, आणि उरलासुरला गेला असेल तो रोग्याच्या अंथरुणापाशी. भय मनातून उपटून काढता येत नाही. हात दुसऱ्याच्या कामात गुंतले की ते आपोआप मागे राहते. आपल्याच जिल्ह्यांच्या पश्चिम टोकाला, नवापुराकडे, चिंचपाड्याला भिल्ल-मावच्यांच्या मुलखात जो ख्रिस्ती दवाखाना उभा राहिला, त्याच्या मागची प्रेरणाही याहून वेगळी नाही.

आता हे आपल्याला लागू कसे होते? आपली भये तीच आहेत. नावे बदलली आहेत. कपाशीचा भाव पडला, केळीवर वादळ गेले, कर्ज फिटेना, हे भुकेचे भय. मुलीने जातीबाहेर लग्न केले तर गाव काय म्हणेल, हे समाजाचे भय. मुले पुण्यामुंबईला किंवा परदेशी गेली आणि घरात दोघेच म्हातारे राहिले, हे एकटेपणाचे. कर्जाने गांजलेला शेतकरी जीव देतो तेव्हा कर्जाचा आकडा हे त्याचे एकच कारण नसते. आता कोणापुढे तोंड दाखवू, हे दुसरे कारण असते. कर्जाचा उपाय सरकारने आणि सहकारी संस्थांनी करायचा. तो केल्यावाचून नुसती श्रद्धा सांगणे हे क्रौर्य होईल. पण दुसऱ्या कारणाचा उपाय शेजाऱ्याच्या हातात आहे. विहिरीवर एकट्याच आलेल्या त्या बाईजवळ जसे कोणी पाणी मागितले, तसे त्याच्या ओट्यावर जाऊन कोणी बसावे, त्याच्या घरचा चहा मागून घ्यावा. तू आम्हाला टाकाऊ नाहीस, हे त्याला कळण्याची एवढी एकच भाषा आहे. आणि जो असा जाऊन बसेल, त्याच्या स्वतःच्या काळजीचेही ओझे परत येताना थोडे हलके झालेले त्याला आढळेल. याचा अनुभव घ्यायला ख्रिस्ती असण्याची अट नाही. या दोन ख्रिस्ती स्त्रियांनी तो अनुभव आपल्यासाठी मराठीत लिहून ठेवला आहे, याची मात्र कृतज्ञता असावी.

‘स्मृतिचित्रे’ आपल्या गावोगावच्या वाचनालयांत मिळतात. उन्हाळ्याच्या सुटीत घरातल्या मुलींनी ती मोठ्याने वाचावी आणि वडीलधाऱ्यांनी ऐकावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.